२६० डॉलर, २३ खेळाडू, सहा महिने: फँटसी बेसबॉल गंभीरपणे कसं खेळतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात आयटीत आहात, क्लायंटच्या अमेरिकन टीममध्ये बारा जणांची जुनी फँटसी बेसबॉल लीग आहे, एक जण सोडून गेला आणि त्याचा संघ चालवायला त्यांनी तुम्हाला बोलावलं आहे. प्रत्येक जण मागच्या वर्षीचे काही खेळाडू जुन्याच किमतीत राखून ठेवतो, बाकीच्यांचा मार्चअखेर लिलाव होतो. क्रिकेटच्या फँटसी ॲपवर तुम्ही भरपूर खेळला आहात, बेसबॉल मात्र जुजबी कळतं. हे लोक इतके झपाटलेले का असतात, यात नशीब किती, आणि नवख्याने पहिल्या वर्षी काय करावं?

मी न्यू जर्सीत राहतो आणि बरीच वर्षं हा खेळ मनापासून खेळतो आहे, मित्रांच्या लीगमध्येही आणि अनोळखी लोकांबरोबरच्या मोठ्या स्पर्धांमध्येही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

क्रिकेटच्या ॲपवर टॉसनंतर अकरा जण निवडायचे आणि रात्री निकाल पाहायचा, तो खेळ आधी बाजूला ठेवा. तिथे तुम्ही आणि तुमच्या विरुद्धचे लाखो लोक एकाच वेळी कोहलीला घेऊ शकता. तुमच्या सहकाऱ्यांच्या लीगमध्ये यँकीज संघाचा तडाखेबंद फलंदाज ॲरन जज एकच आहे. तो एकाच्या संघात गेला की उरलेल्या अकरा जणांना सप्टेंबरअखेरपर्यंत त्याच्याविरुद्ध झुंजायचं असतं. झपाटलेपणाचं मूळ इथे आहे. खेळाडू एकमेव झाला की त्याला किंमत येते, आणि मग 'हा किती चांगला' यापेक्षा 'हा कितीला मिळेल, आणि समोरचा कितीपर्यंत ताणेल' हे कळणं मोलाचं ठरतं. बेसबॉलचं प्रचंड ज्ञान असलेले लोक दरवर्षी तळाला गेलेले मी पाहिलेत. त्यांना खेळाडू कळतात, पण त्यांची किंमत कळत नाही.

ही रचना डॅनियल ओक्रंट यांची. संपादन-लेखनात रमलेल्या या माणसाने १९८० च्या हंगामाआधी न्यूयॉर्कमधल्या 'ला रोटिसरी फ्रान्सेझ' या रेस्तराँत जमणाऱ्या मित्रांना गळ घातली, आणि म्हणून या प्रकाराचं नाव रोटिसरी पडलं. लोक आजही 'रोटो' म्हणतात. त्याआधी, १९६० मध्ये, विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञाने हार्वर्डमध्ये सहकाऱ्यांबरोबर 'बेसबॉल सेमिनार' नावाने असाच एक साधा खेळ चालवला होता. पुढे ते मिशिगन विद्यापीठात गेले, तिथे प्राध्यापक रॉबर्ट स्क्लार त्यात सामील झाले, आणि ओक्रंट हे स्क्लार यांचे विद्यार्थी. ओक्रंट यांनी त्यात लिलाव, ठरावीक रक्कम, हंगामभराची खरेदी-विक्री हे सगळं आणलं. १९८१ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे ऐन उन्हाळ्यात बेसबॉल बंद पडलं, तेव्हा लिहायला सामनेच नसलेल्या वार्ताहरांनी आपापल्या रोटिसरी लीगबद्दल लिहिलं आणि हे वेड देशभर पसरलं. एका इनिंगमागे पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, किती जणांना बेसवर (धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरच्या थांब्यावर) जाऊ देतो हे सांगणारा 'व्हिप' हा आकडा आज प्रत्येक प्रक्षेपणात दिसतो. तो ओक्रंट यांनी या खेळासाठीच बनवला होता. पहिल्या लीगमधली, विजेत्याच्या डोक्यावर यू-हू नावाचं चॉकलेटचं पेय ओतायची प्रथा अजून काही लीगमध्ये टिकून आहे. पुढे खेळाडूंची नावं आणि आकडे वापरायला मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल संघटनेची, परवानगी लागते का, यावर खटला झाला. २००७ मध्ये आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने 'लागत नाही' असं सांगितलं, २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला, आणि सगळ्यांचा रस्ता मोकळा झाला.

आता गुणांकडे येऊ, कारण नवखे इथेच चुकतात. तुमच्या लीगमध्ये बहुधा दहा कॅटेगरी असतील. फलंदाजीच्या पाच: बॅटिंग ॲव्हरेज (दर बॅटिंगमागे किती हिट, म्हणजे बेसवर पोचवणारे फटके), होमरन (थेट मैदानाबाहेर गेलेला फटका), रन, आरबीआय (आपल्या फटक्याने संघाला मिळवून दिलेल्या धावा) आणि स्टोलन बेस (फटक्याविना पळून चोरलेला बेस, थोडक्यात 'स्टील'). पिचिंगच्या पाच: विन (विजयाचं श्रेय), सेव्ह (त्याबद्दल पुढे), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद करणं), ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यात पडलेल्या धावा) आणि व्हिप. खऱ्या सामन्यांत तुमच्या खेळाडूंनी जे आकडे केले त्यांच्या बेरजेवरून हंगामाच्या शेवटी प्रत्येक कॅटेगरीत बारा संघांचे क्रम लागतात. पहिल्याला १२ गुण, दुसऱ्याला ११, शेवटच्याला १, आणि सगळ्यांची बेरीज. होमरनमध्ये तुम्ही दुसऱ्या संघापेक्षा एकाने पुढे असा की पन्नासने, गुण १२ च. वरचे एकोणपन्नास वाया गेले. ते होमरन मारणारा खेळाडू जूनमध्ये देऊन कोणी वेगवान धावणारा आणला असता तर दुसऱ्या कॅटेगरीत चार पायऱ्या चढता आल्या असत्या.

म्हणून अनुभवी लोक आपल्या लीगचे मागच्या काही वर्षांचे अंतिम तक्ते घेऊन बसतात. समजा, होमरनमध्ये पहिल्या आणि शेवटच्या संघात सरासरी ११० चं अंतर असतं. मधे अकरा पायऱ्या, म्हणजे दहा होमरनला एक गुण. स्टोलन बेसमध्ये हेच अंतर ८८ असेल तर आठ स्टीलला एक गुण. आता ३० होमरनचा माणूस आणि ४० स्टीलचा माणूस एकाच मापाने मोजता येतात: एकाचे तीन गुण, दुसऱ्याचे पाच. अर्थात होमरन मारणाऱ्याच्या खात्यात रन आणि आरबीआयही पडतात, त्यामुळे बेरीज पूर्ण करूनच तुलना करा. शिवाय कोणीच न घेतलेला, फुकटात मिळणारा खेळाडूही काही होमरन मारतोच, तेवढे सगळ्यांमधून वजा करा. या वजाबाकीनंतर जे उरतं ते खेळाडूचं खरं मूल्य. हा तक्ता स्वतः, तुमच्याच लीगच्या आकड्यांवर बनवा. आयत्या किंमत-याद्या कुठल्यातरी काल्पनिक लीगसाठी केलेल्या असतात.

ॲव्हरेज आणि ईआरएसारख्या गुणोत्तरांचं गणित थोडं निराळं. एक जण ३०० वेळा बॅटिंग करून .३०० चं ॲव्हरेज ठेवतो, दुसरा ६०० वेळा करून .२८५ चं. संघाचं ॲव्हरेज .२६० धरलं तर पहिला तुम्हाला १२ जास्तीचे हिट देतो आणि दुसरा १५. लिलावात मात्र .३०० वाल्याचं नाव येताच लोक पुढे सरसावतात. ईआरएमध्ये उलटी भीती असते. संपूर्ण हंगामात १३०० इनिंगमध्ये तुमचा ईआरए ३.८० असला आणि कोणी एक पिचर दोन इनिंगमध्ये आठ धावा देऊन आला, तर त्या एका रात्रीत तो ३.८५ होतो. अटीतटीच्या लीगमध्ये एवढ्यात एक-दोन गुण जातात. म्हणूनच एखादा मध्यम पिचर डेन्व्हरच्या कूर्स फील्डवर उतरणार असेल तर त्याला त्या आठवड्यात बसवून ठेवतात. समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर, विरळ हवेत, चेंडू नीट वळत नाही आणि मारलेला फार लांब जातो.

नियम बदलले की हे सगळे हिशेब हलतात, आणि तेव्हा जागा असलेल्याला मोठी कमाई होते. २०२३ मध्ये मेजर लीगने पिच क्लॉक (ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायची सक्ती) आणला, बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच केली, आणि पिचरने बेसवरच्या धावकाला रोखण्यासाठी थांबण्यावर मर्यादा घातली. आदल्या वर्षी मेजर लीगमधल्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीग मिळून २,४८६ स्टील झाले होते, २०२३ मध्ये ३,५०३ झाले. रोनाल्ड अकुन्या ज्युनियरने एकट्याने ७३ स्टील केले, वर ४१ होमरन. नियम आधीच जाहीर झाले होते, मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावर, त्यांची चाचणीही झाली होती. ज्यांनी ते गांभीर्याने घेतलं त्यांनी धावू शकणारे मधल्या किमतीचे खेळाडू स्वस्तात उचलले. पुढच्या वर्षी उलटा धडा होता: स्टील सगळीकडेच वाढले, त्यामुळे एका स्टीलची किंमत उतरली. 'स्टील दुर्मीळ असतात' म्हणत तेव्हाही जास्त पैसे मोजणारे लोक मागच्या बाजारभावाने खरेदी करत होते.

अंदाजांबद्दल. पूर्वी ज्याच्याकडे चांगले अंदाज तो जिंकायचा. आज स्टीमर, झिप्स, द बॅट, एटीसी हे सगळे अंदाज कोणालाही सहज पाहता येतात. त्यांच्या मुळाशी काय आहे ते कळावं म्हणून आकडेतज्ज्ञ टॉम टँगो यांची 'मार्सेल' ही सर्वांत साधी पद्धत समजून घ्या: मागच्या तीन वर्षांना ५, ४, ३ असं वजन द्यायचं, मग आकडा थोडा सर्वसाधारण सरासरीकडे ओढायचा, वयाप्रमाणे किंचित खाली-वर करायचं. बस. अवघड पद्धती याहून बऱ्या असतात, पण किती थोड्याने, हे पाहून मी सुरुवातीला चकित झालो होतो. दुसरी शिकण्यासारखी गोष्ट विश्लेषक व्होरोस मॅक्रॅकन यांनी २००१ मध्ये मांडली: बॅटला लागून मैदानात गेलेला चेंडू हिट ठरतो की आउट, यावर पिचरचा ताबा फार कमी असतो. असे साधारण .२९० ते .३०० या प्रमाणात चेंडू हिट ठरतात, आणि पिचर बराच काळ याच्यापासून दूर राहिला तर सहसा परत तिथेच येतो. स्ट्राइकआउट आणि वॉक (चार चुकीचे चेंडू टाकून फुकट दिलेला बेस) मात्र त्याचे स्वतःचे असतात. मे महिन्यात कोणाचा ईआरए पाचच्या वर असेल, पण स्ट्राइकआउट भरपूर आणि वॉक कमी असतील, तर त्याच्या वैतागलेल्या मालकाला निरोप पाठवायची हीच वेळ. २०१५ पासून स्टॅटकास्ट या मोजमाप यंत्रणेमुळे चेंडू बॅटवरून किती वेगाने निघाला हेही कळतं. ताशी ९५ मैलांहून वेगाने मारलेले चेंडू वाढत असतील आणि ॲव्हरेज तरी खाली असेल, तर तो फलंदाज बिघडलेला नसून कमनशिबी असण्याची शक्यता जास्त.

पण हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. मग एकाला दुसऱ्यावर मात करता येते ती कशात? माझ्या मते प्रामुख्याने एका गोष्टीत: कोणाला किती खेळायला मिळणार, याच्या अंदाजात. प्रति चेंडू कौशल्याचा अंदाज यंत्र छान करतं. मॅनेजरच्या मनात काय आहे ते यंत्राला कळत नाही. डावखुऱ्या पिचरसमोर याला बसवतात का? संघाने याच्या जागेवर हिवाळ्यात दुसऱ्याशी करार केला का? लाइनअपमध्ये हा पहिला येतो की सातवा? प्रत्येक पायरी खाली गेल्यावर हंगामात साधारण पंधरा-वीस वेळा बॅटिंग कमी मिळते, म्हणजे पहिला आणि सातवा यांत शंभराच्या आसपास फरक पडतो. रन, आरबीआय, होमरन, स्टील ही सगळी मोजणी याच संधींवर उभी असते. मी फेब्रुवारी-मार्चमध्ये ॲरिझोना आणि फ्लोरिडातल्या सराव सामन्यांचे निकाल पाहत नाही, त्यांना काही अर्थ नसतो. मी लाइनअप पाहतो. कोण कोणाबरोबर खेळला, कोणाला दुसऱ्या बेसवर उभं करून पाहिलं, नवव्या इनिंगसाठी कोणाला राखला. सगळं उघड्यावर पडलेलं असतं, फक्त रोज पाहणारा हवा.

सेव्ह ही कॅटेगरी तर पूर्णपणे भूमिकेवर चालते. थोड्या आघाडीवर शेवटची इनिंग टाकून सामना संपवणाऱ्या क्लोजरला सेव्ह मिळतो. त्याच्याहून सरस पिचर त्याच संघात आठवी इनिंग टाकत असेल तर त्याला सेव्ह नाही. एका क्लोजरची नोकरी गेली की दुसऱ्या दिवशी नवा माणूस सोन्याचा होतो. आता अनेक मॅनेजर एकच क्लोजर ठेवत नाहीत, त्यामुळे पक्की नोकरी असलेल्याचा भाव आणखी चढतो.

लिलाव हा या खेळाचा सर्वांत सुंदर भाग आहे, आणि तुमच्या वाट्याला तोच आला आहे याचा मला खरंच आनंद वाटतो. सर्वमान्य रूप असं: प्रत्येकाला २६० डॉलर आणि २३ जागा, त्यांत १४ फलंदाज आणि ९ पिचर, किमान बोली एक डॉलर. आयपीएलचा लिलाव तुम्ही पाहिला असेल, तिथे पर्स रिकामी होत आलेल्या संघाचे चेहरे आठवा. इथे पाच तास तसेच जातात. पैशांपैकी साधारण दोन तृतीयांश फलंदाजांवर जातात, कारण पिचरचा भरवसा कमी. स्पेन्सर स्ट्रायडरला २०२४ मध्ये अनेकांनी पिचरांत सर्वांत आधी घेतला, तो दोन सामन्यांनंतर कोपराच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला. जेकब डिग्रॉम २०२३ मध्ये टेक्सासकडून सहा वेळा उतरला आणि मग कोपराच्या लिगामेंटवरची टॉमी जॉन शस्त्रक्रिया. फँटसी विश्लेषक रॉन शँडलर यांनी तर फार पूर्वीच पिचिंगवर ६० डॉलरपेक्षा जास्त घालू नका असं सुचवलं होतं: महागड्या नावांऐवजी स्ट्राइकआउट जास्त आणि वॉक कमी असलेले अप्रसिद्ध पिचर घ्या. आता ते अप्रसिद्धही सगळ्यांना माहीत असल्यामुळे आकडा जसाच्या तसा चालत नाही. मूळ सल्ला मी अजून पाळतो.

तुमच्या लीगमध्ये खेळाडू राखून ठेवतात, त्यामुळे महागाईचा हिशेब आलाच. बारा जणांचे मिळून ३,१२० डॉलर. समजा, सगळ्यांनी मिळून राखलेल्या खेळाडूंच्या जुन्या किमती ७०० होतात, पण त्यांचं आजचं मूल्य १,००० आहे. म्हणजे टेबलावर २,४२० डॉलर उरले आणि बाजारात माल उरला २,१२० चा. भागाकार १.१४. तुमच्या यादीत ३० डॉलरचा असलेला खेळाडू ३४ ला जाणं रास्त आहे. ज्याने हा भागाकार केलेला नसतो तो पहिला तासभर 'सगळे वेडे झालेत, काय भाव चाललेत' म्हणत हात आखडून बसतो, आणि शेवटी चाळीस डॉलर खिशात ठेवून घरी जातो. उरलेल्या पैशांचे गुण मिळत नाहीत. एक बारकावा लक्षात घ्या: ही महागाई सगळ्यांवर सारखी पसरत नाही. ती बड्या नावांवर जास्त चढते, आणि बारा-पंधरा डॉलरच्या पट्ट्यात बऱ्याचदा भाव जागच्या जागी राहतात. मला बहुतेक चांगली खरेदी त्याच पट्ट्यात मिळाली आहे.

कोणाचं नाव पुकारायचं हीसुद्धा एक कला आहे. तुमची पाळी आली की हवा असलेल्याचं नाव लगेच घेऊ नका. जो तुम्हाला नको, पण इतरांना भुरळ घालतो, त्याचं घ्या. सराव सामन्यांत गाजलेला तरुण, स्थानिक संघाचा लाडका, म्हाताऱ्या झालेल्या कीर्तीचा तारा. तुमचा क्लायंट सेंट लुइसमधला असेल तर कार्डिनल्सच्या खेळाडूंवर दोन-चार डॉलर जास्त जाणारच, ते लवकर जाऊ द्या. आणि प्रत्येकाकडे किती पैसे, कुठल्या जागा रिकाम्या, हे कागदावर सतत लिहीत राहा. कोणाकडून जास्तीत जास्त किती बोली येऊ शकते याचं सूत्र सोपं आहे: उरलेले पैसे, वजा रिकाम्या जागा, अधिक एक. शेवटच्या तासात शॉर्टस्टॉपची (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाची) जागा फक्त तुमची आणि आणखी एकाचीच उघडी असेल, आणि त्याची कमाल बोली दोन डॉलर असेल, तर तुम्हाला तीनच्या वर जायची गरजच नाही. पंधरा डॉलरचा माणूस तीनला मिळतो तो असा.

घाई आणि राग, दोन्ही महागात पडतात. नेमका हवा असलेला खेळाडू एका डॉलरने निसटला की पुढच्यावर सूड उगवल्यासारखी बोली चढते. पुढचं नाव येण्याआधी आपल्या तक्त्याकडे पाहायची सवय लावून घ्या.

लिलावाऐवजी ड्राफ्ट असतो तिथे आळीपाळीने खेळाडू निवडतात. उच्च स्पर्धेचं मोठं जग मुख्यतः तेच आहे. ग्रेग अँब्रोशियस यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या नॅशनल फँटसी बेसबॉल चॅम्पियनशिपमध्ये पंधरा-पंधरा जणांच्या अनेक लीग असतात, प्रत्येक जण तीस खेळाडू घेतो, आणि आपल्या लीगखेरीज सगळ्या लीगमधल्या सगळ्या संघांचीही एकत्र क्रमवारी लागते. तिथे खेळाडूंची अदलाबदल निषिद्ध आहे, म्हणजे संगनमताला जागाच नाही. एकत्र क्रमवारीमुळे एखादी कॅटेगरी सोडून देण्याची चैनही परवडत नाही. घरच्या लीगमध्ये सेव्हकडे दुर्लक्ष करून जिंकलेले लोक आहेत. तिथे ते शेकडो संघांच्या मागे पडतील. तज्ज्ञांच्या दोन जुन्या लीग, १९९४ पासूनची लेबर आणि १९९८ पासूनची टाउट वॉर्स, यांचे लिलाव मात्र अभ्यासण्यासारखे असतात. त्यांच्या किमती जाहीर होतात. तुमच्या लिलावाच्या आधी त्या वाचून काढा, बाजार कुठे आहे हे त्यांतून कळतं.

हंगाम सुरू झाल्यावर खरी कसोटी लागते. १६२ सामने, सहा महिने, जवळजवळ रोज खेळ. बहुतेक गंभीर लीगमध्ये कोणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंसाठी आठवड्यातून एकदा बंद बोली असते. वर्षभरासाठी ठरावीक रक्कम, बहुधा १,००० किंवा १०० डॉलर, आणि संपली की संपली. एप्रिलमधला खर्च लोक नेहमी चुकीचा मोजतात. पहिल्या आठवड्यात तीन होमरन मारलेल्यासाठी तीनशे घालतात, आणि दुसरीकडे खरी नोकरी मिळालेला क्लोजर ऐंशीला जातो. एप्रिलमध्ये मिळालेला खेळाडू सहा महिने कामाला येतो, म्हणून लवकर खर्च करणं योग्यच. पण तो खर्च भूमिका बदललेल्यांवर करा. चार दिवस बॅट तळपली म्हणून कोणावर करू नका.

नवोदितांबद्दल माझं मत थोडं कठोर आहे. माइक ट्राउटला २८ एप्रिल २०१२ रोजी एंजल्स संघाने मायनर लीगमधून वर बोलावलं आणि त्याने .३२६ च्या ॲव्हरेजने ३० होमरन, ४९ स्टील आणि १२९ रन केले. त्या एका वर्षाने असंख्य लीगचे निकाल ठरवले, आणि तेव्हापासून प्रत्येक गाजावाजा झालेल्या पोरात लोक ट्राउट शोधतात. बहुतेक पोरं पहिल्या वर्षी चाचपडतात. त्यांना राखीव जागेत बसवून ठेवण्याचा खरा खर्च म्हणजे त्या जागेवर तुम्ही दर आठवड्याला जे काही करू शकला असता ते.

दुखापतीत मात्र नशीब आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकावर अकुन्याला घेणाऱ्यांनी काही चूक केली नव्हती. २६ मे रोजी पिट्सबर्गमध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि त्यांचा सर्वांत मोठा पैसा गेला. एका वर्षाच्या निकालात नशीब भरपूर असतं. पण एकाच लीगची अनेक वर्षांची यादी काढून पाहा, वरच्या चारांत तीच तीच नावं सापडतील. ते लोक दुखापत झाल्यावर त्याच रविवारी पर्याय शोधतात, जुलैत सातव्या क्रमांकावर असले तरी पिचर बदलत राहतात, ऑगस्टमध्ये बाकीचे अमेरिकन फुटबॉलकडे वळले की त्यांनी सोडलेले खेळाडू उचलतात. अंतिम तक्त्यातल्या कितीतरी पायऱ्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अशा चढल्या जातात.

आता तुमच्या परिस्थितीबद्दल. पूर्व अमेरिकेतले संध्याकाळी सातचे सामने तुमच्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतात. रविवारी रात्री दहाला बोली बंद होत असेल तर ती तुमची सोमवारची सकाळ, साडेसात. हे सोयीचंच आहे, कारण अमेरिकेतले लोक दमून बोली लावत असताना तुम्ही नुकते उठलेले असाल. सामने पाहायच्या मोहात झोप घालवू नका, सकाळी चहाबरोबर लाइनअप आणि दुखापतींच्या बातम्या पाहायला वीस मिनिटं पुरतात. पहिल्या वर्षी एकच लीग खेळा. पाच-सहा लीग चालवणारे लोक मी जवळून पाहिलेत. त्यांना एकाच खेळाडूच्या बाजूने आणि विरुद्ध ओरडावं लागतं, आणि घरच्यांच्या वाट्याला काही उरत नाही.

पैशांचं स्पष्ट सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि ड्रीम११ सारख्या कंपन्यांनीही पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. त्यामुळे लीग चालवणाऱ्याला आधीच कळवा की तुम्ही प्रवेशशुल्क आणि बक्षीस दोन्ही सोडून खेळाल. जुन्या, चांगल्या लीगला बारावा तत्पर माणूस पैशांपेक्षा जास्त हवा असतो. लिलावातले २६० डॉलर तसेही कागदावरचेच असतात.

अदलाबदलीत नवख्याला पहिल्याच आठवड्यात पाच-सहा प्रस्ताव येतील. उद्धटपणे नाकारू नका, पण लगेच हो म्हणू नका. 'तुला यातून कुठली कॅटेगरी सुधारायची आहे?' एवढं विचारा. उत्तरातून त्याच्या संघाची गरज कळते आणि पुढची बोलणी तुमच्या हातात येतात. शेवटच्या क्रमांकावर असलात तरी लाइनअप भरत राहा. रिकामा सोडलेला संघ बाकी अकरा जणांचे निकाल बिघडवतो, आणि या लोकांना त्याचा मनापासून राग येतो.

लिलावाआधी तीन गोष्टी मागून घ्या: नियमावली, मागच्या पाच वर्षांचे अंतिम तक्ते, आणि सगळ्यांनी राखलेल्या खेळाडूंची किमतींसह यादी. तुमच्या वाट्याला आलेल्या संघात स्वस्तात राखता येईल असं कोणी आहे का ते त्या यादीतूनच कळेल. नियमावलीत एक कलम आवर्जून शोधा: शोहेई ओतानी फलंदाज आणि पिचर मिळून एकच खेळाडू धरला जातो, की दोन वेगळे. २०२४ मध्ये त्याने पिचिंग न करता ५४ होमरन आणि ५९ स्टील केले होते. दोन्ही कामं एकाच जागेत मिळत असतील तर दर आठवड्याला त्याला कुठे लावायचं हे ठरवावं लागतं, दोन वेगळे असतील तर त्याचे दोन निराळे लिलाव होतात, आणि दोन्ही बाबतींत त्याची किंमत पूर्णपणे वेगळी येते. ते कलम आणि राखलेल्यांची यादी हाती आली की इथे लिहा, तुमच्या लीगचा महागाईचा भागाकार मी मांडून देतो.